न कापलेला आहेर

दुसरबीड,
होळीनंतरचा सोमवार

प्रिय समीक्षा,

हॅलोजनचा खालीवर होणारा स्टँड, जुन्या सायकलच्या नळीतून. कॅमेरा न हलता वरातीमागं चालावा म्हणून बेअरिंगच्या चाकांची गाडी. मिक्सरच्या मोटारवर कॅसेट गुंडाळायचं यंत्र. डिस्क उभ्या ठेवायचा सागवानी रॅक, प्रत्येक खणाला मखमलीची पट्टी लावलेला, कारण डिस्क घासली की चरा पडतो आणि चरा पडला म्हणजे कोणाच्या तरी सप्तपदीतलं एखादं पाऊल गेलं. दुकानाची पाटी, अक्षरांसकट. मनकर्णाबाई नावाच्या, तुझ्या ओळखीच्या नसलेल्या एका बाईंसाठी लोणच्याच्या बरणीची घडवंची. आणि हा पेनड्राइव्ह ज्या डबीतून तुझ्या हातात आला ती डबी. एवढं सगळं मी माझ्या हातानं केलं. कोणाच्या हाताखाली राहिलो नाही, कुठला कोर्स केला नाही. कॉम्प्युटरवर व्हिडिओ कापायला-जोडायलाही असाच शिकलो. एक बटण दाबायचं, काय बिघडतं ते पाहायचं आणि मग ते निस्तरत बसायचं.

तुझी काकू म्हणते, पत्राची सुरुवात अशी करतात का, आधी ख्यालीखुशाली विचारावी. तर आम्ही मजेत आहोत. समृद्धी महामार्ग झाल्यापासून आपल्या रस्त्यावरची वर्दळ कमी झाली, पण माझ्याकडं येणारी माणसं वाढली. लग्नाच्या शूटिंगला आता मला कोणी बोलावत नाही, ते काम ड्रोनवाल्या पोरांनी घेतलं. माझ्याकडं लोक जुन्या डिस्क घेऊन येतात. घरात डीव्हीडी प्लेअर उरला नाही, डिस्क मात्र साडीच्या घडीत जपून ठेवलेली. ती कॉम्प्युटरवर उतरवायची, साफ करायची आणि पेनड्राइव्हमध्ये भरून द्यायची, हे सध्या माझं काम. डबीत जे आहे तेही असंच उतरवलेलं आहे. डबी माझी, आतलं तुझ्या बापाचं.

दिवाळीच्या सुट्टीत तू पुण्याहून आली होतीस तेव्हा दुकानाच्या पायरीवर बसून विचारलं होतंस, ‘काका, बाबांनी माझं नाव घेतलेलं तुमच्याकडं कुठं सापडेल का?’ मी हसलो होतो. म्हटलं, अगं, अर्ध्या तालुक्याची नावं त्याच्या आवाजात या रॅकवर उभी आहेत. त्यावर तू म्हणालीस, ‘लोकांची आहेत. माझं कुठंय?’ आणि तेव्हा माझ्या ध्यानात आलं. तुझ्या बापानं, गोविंदानं, तुला जन्मभर ‘माय’ म्हटलं. माय, पाणी आण. माय, जेवली का. शाळेत पालकांच्या सभेला आला तेव्हाही बाईंना विचारता झाला, ‘आमची माय कशी काय हाय अभ्यासात?’ बाई गोंधळल्या, त्यांना वाटलं हा प्रौढ साक्षरता वर्गाची चौकशी करतोय. करोनाच्या दुसऱ्या लाटेत तो गेला तोवर त्याच्याकडं बटणाचाच फोन होता, त्यात आवाज कुठला राहायला. वैशाखात तुझं लग्न आहे. मंडपात एकदा तरी बाबांच्या आवाजात तुझं नाव वाजावं, एवढंच तू मागितलंस. ‘नसलं तर नसू द्या’ असंही वर म्हणालीस, पण ते म्हणताना तुझे डोळे रॅकवरून हलत नव्हते.

तुझ्या बापाचा आवाज तयार झाला बीबीच्या बाजारात. वांगी-कोथिंबीर घेऊन तो एका टोकाला बसायचा आणि दुसऱ्या टोकाच्या गिऱ्हाइकाला हाक मारायचा, ‘ओ मावशी, घेऊ नका पाह्यजे तर, पण वांगे पाहून तर जा, बिचारे सकाळपासून तुमची वाट पाहून राह्यले!’ मावशी हसत हसत यायचीच. एका लग्नात आहेर पुकारणारा माणूस ऐन वेळी आला नाही. मी कॅमेरा खांद्यावर घेऊन उभा, यजमान घायकुतीला आलेले. गोविंदा पंगतीतून उठला, हात धुतले, धोतराच्या सोग्याला पुसले आणि माइक हातात घेतला. त्या दिवसापासून तो आणि मी जोडीनं जायला लागलो. आपल्याकडं आहेर माइकवर पुकारतात हे तुला सांगायला नको, पण पुण्यात तुझ्या मैत्रिणींना हे सांगून बघ, विश्वास ठेवणार नाहीत. कोणी काय दिलं, कोणत्या गावचा, कोणाचा कोण, सगळं कर्ण्यातून शिवारभर ऐकू जातं. दुसरे पुकारणारे यादी वाचल्यासारखं वाचायचे. गोविंदा प्रत्येक नावाला मान द्यायचा. एखादी म्हातारी कोपऱ्यातून एक ब्लाउजपीस घेऊन यायची, तिचं नाव तो असं घ्यायचा की सगळा मांडव मागं वळून बघायचा.

आणि आहेर संपला की तो माइक खाली ठेवत नसे. मंडपवाल्याचं नाव घ्यायचा. आचाऱ्याचं घ्यायचा, पाणी वाढणाऱ्या बायांची नावं घ्यायचा. सगळ्यात शेवटी म्हणायचा, ‘आन् हे सगळं ज्यायनं टिपून ठेवलं ते आपले भागवतराव, दुसरबीड.’ समीक्षा, शूटिंगवाला कुठल्याच कॅसेटमध्ये दिसत नसतो. लोकांच्या घरातल्या एवढ्या सुखाच्या प्रसंगांना मी हजर होतो, पण मी तिथं होतो याचा पुरावा कुठंच नाही. आहे तो एवढाच, तुझ्या बापानं घेतलेलं माझं नाव. पुढच्या ऑर्डरी मला त्या एका वाक्यावर मिळत गेल्या. मला चारचौघांत बोलता येत नाही, भाव सांगतानासुद्धा जीभ अडखळते. गोविंदा मध्ये पडायचा, ‘हा मानूस कमी बोलते, पण याचा कॅमेरा डुलकी घेत नाही.’ संसार उभा राहिला माझा त्या आवाजावर.

त्याचे उपकार मी एकाच प्रकारे मानले. आहेर कधी कापला नाही. डिस्क करताना बाकीचे शूटिंगवाले पहिली कात्री आहेरालाच लावायचे. गाणी टाकायची, फुलांच्या पाकळ्या उडवायच्या, आहेराची दोन-चार तोंडं दाखवली की झालं. माझ्याकडची डिस्क लांबायची. लोक वैतागायचे, ‘भागवतराव, जेवण होते, झोप होते, उठून पाहावं तं आहेर चालूच!’ तुझी आईसुद्धा मला ‘आहेरवाले भाऊजी’ म्हणायची. मी म्हणायचो, वहिनी, ज्यानं येऊन दिलं त्याचं तोंड मी कसं कापू? आज तीच माणसं येतात आणि बाकी काही बघत नाहीत. आहेरापर्यंत पुढं ढकला म्हणतात. तिथं त्यांचा गेलेला मामा टॉवेल-टोपी घेऊन उभा असतो, आजी कॅमेऱ्याकडं बघून पदर सारखा करत असते आणि वरून गोविंदा त्यांचं नाव घेत असतो. दुकानात रडायला मी एक खुर्ची वेगळी ठेवली आहे, खोटं वाटेल तर येऊन बघ. गादी मीच शिवली.

एक प्रसंग तुला माहीत नसेल. माझ्या पुढच्या सांगण्याला तो लागणार आहे. अर्जुनरावांच्या पुतणीचं लग्न होतं. मोठं घर. त्यांनी गोविंदाला बाजूला बोलावून सांगितलं, ‘काकाकडून फ्रिज, असं पुकार.’ गोविंदानं मांडवभर नजर फिरवली. भांडी होती, कपाट होतं, पलंग होता. ‘फ्रिज कुठं हाय, अर्जुनराव?’ ते म्हणाले, ‘येऊन राह्यला बे, टेम्पो मेहकरहून निघाला. तू नाव तर घे.’ गोविंदानं माइक घेतला आणि त्याच खणखणीत आवाजात पुकारलं, ‘नवरीच्या काकाकडून, अर्जुनरावांकडून, फ्रिज येऊन राह्यला हाय! आला की सांगतो!’ मांडव फुटला हसून. वरपक्षाकडची पोरं दर थोड्या वेळानं ओरडायची, ‘आला का हो?’ आणि हा गंभीर चेहऱ्यानं माइकवर सांगायचा, ‘अजून नाही.’ नवरी वाटेला लागली तरी टेम्पो आला नाही. अर्जुनरावांनी वर्षभर त्याच्याशी बोलणं टाकलं. मग स्वतःच्या मुलीचं लग्न निघालं तेव्हा स्वतः तुमच्या घरी आले आणि म्हणाले, ‘गोविंदा, माइकवर तूच पाह्यजे. तू पुकारलं म्हंजे आलं, असं लोक धरतात.’ ही दोन्ही लग्नं माझ्याकडं आहेत. दोन्हीतला आहेर पूर्ण आहे.

आता तुझ्या बारशाचं. मी तेव्हा नवीनच डीव्हीडी रेकॉर्डर घेतला होता. कॅसेटचं काम नाही, कॅमेऱ्याची वायर थेट यंत्रात लावायची आणि घरच्या घरी डिस्क भरत जायची. त्यावर पहिलं काम लोकांचं करायचं नाही, आपल्या पोरीचं करायचं, असं गोविंदानंच ठरवलं. तुमच्या अंगणात मी टेबलावर यंत्र मांडलं आणि गावातली पोरं नवरीला बघावं तसं यंत्राला बघत उभी राहिली. बारसं झालं, आहेर झाला, मी रेकॉर्डिंग थांबवलं. त्यानंतर एक शेवटचं काम करावं लागायचं. डिस्क ‘फायनल’ करायची, म्हणजे यंत्र डिस्कवर काय कुठं आहे त्याची खूण उमटवतं आणि मग ती कोणत्याही प्लेअरवर चालते. मी बटण दाबायला आणि लाइट जायला एकच गाठ. भारनियमनाची वेळ आमच्या ध्यानातच नव्हती. मी म्हटलं, लाइट आली की करतो. गोविंदा म्हणाला, ‘काऊन घाई करून राह्यला? आधी लोकायच्या डिस्का दे, सीझन हाय. आपलं तर घरचंच हाय.’ घरचं काम नेहमी शेवटी, ही आमच्या धंद्यातली रीतच. सुताराच्या घरी पलंग मोडका असतो, तसं. सीझन संपला, दुसरा आला. तुमच्या घरी ती डिस्क कपाटात गेली, प्लेअरला लावली तर चालेना, तुझ्या आईला वाटलं कोरीच आहे. इकडं मी कॉम्प्युटर घेतला आणि रेकॉर्डर विकून टाकला.

तू विचारल्यावर मी वहिनींकडून ती डिस्क मागून आणली. माझ्या अक्षरात वर लिहिलेलं होतं, ‘गोविंदाची मुलगी, बारसे’. कॉम्प्युटरला लावली. कॉम्प्युटर म्हणाला, डिस्क कोरी आहे. मी ती उन्हात तिरकी धरून पाहिली. भरलेल्या डिस्कचा रंग कोऱ्या डिस्कपेक्षा जरा गडद दिसतो, आतून बाहेर वर्तुळ पडलेलं असतं. ते होतं, काठापर्यंत होतं. म्हणजे बारसं आत होतं, फक्त दाराला कडी होती. हरवलेलं खरडून काढणारी सॉफ्टवेअर असतात, ती आणून चालवली. चित्राचे तुकडे निघाले. तुझ्या पाळण्याची एक बाजू, आत्याचा हिरवा चुडा, कर्ण्याचं तोंड. आवाज नाही. आणि तू तर आवाजच मागितला होतास.

याच दिवसांत कुलदीप नावाचा एक जण दुकानात आला. छत्रपती संभाजीनगरला त्याचं जाहिरातींचं काम आहे. पोरगा शहाणा, बोलायला अदबशीर, पायरीवर चपला काढून आत आला. माझ्याकडून उतरवून नेलेल्या एका लग्नाचा तुकडा कोणी तरी मोबाइलवर टाकला होता, त्यात त्यानं गोविंदाचा आवाज ऐकला आणि शोधत आला. म्हणाला, ‘काका, असा आवाज आता मिळत नाही. तुमच्याकडच्या डिस्क कॉम्प्युटरला ऐकवल्या की तो हा आवाज शिकतो, मग आपण लिहू ते वाक्य याच आवाजात बोलतो.’ बियाणं, सोनं, सभा, मेळावे, जे प्रचाराच्या गाडीवर लावायचं असेल ते. तो कामात पक्का होता, हे मला नाकारता येणार नाही. मी सहज विचारलं, एखादं नाव बोलेल का? कोणतं, त्यानं विचारलं. मी सांगितलं, कशासाठी तेही सांगितलं. माझा चहा पिऊन व्हायच्या आत त्यानं मोबाइलवरच्या त्या तुकड्यावरूनच आवाज जुळवला, लॅपटॉप माझ्याकडं वळवला आणि दुकानात गोविंदा बोलला. ‘समीक्षा.’ स्वच्छ. एकदम. जसं बाजारात हाक मारावी तसं.

खोटं कशाला सांगू, मला वाटलं, झालं काम. पोरीला कुठं कळणार आहे. मंडपात वाजवू, वहिनी डोळे पुसतील, सगळं गोड होईल. कुलदीप म्हणाला, ‘ही त्या मुलीच्या लग्नाला माझ्याकडून भेट. अजून काय बोलायला लावू सांगा, आशीर्वाद देऊ का?’ आणि मला टेम्पो आठवला. मेहकरहून निघालेला, न आलेला. फ्रिज समोर दिसत नाही तोवर ज्यानं अर्जुनरावांसारख्याचंही ऐकलं नाही, त्याच्या तोंडी मी त्यानं न घेतलेलं नाव कसं घालू? मी कुलदीपला नाही म्हटलं, त्या भेटीलाही आणि डिस्क द्यायलाही. त्याला काय कारण द्यावं ते मला नीट सांगता आलं नाही, जीभ नेहमीसारखी अडली. तेव्हा बारशाची डिस्क उघडलेली नव्हती आणि उघडेल याची काही खात्रीही नव्हती, एवढं लक्षात ठेव. तो गेल्यावर मी दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढून बसून राहिलो. काकू म्हणाली, ‘तोंड काऊन असं करून बसले?’ म्हटलं, समीक्षाचं नाव हातात आलं होतं, परत दिलं.

मग उरला तो एकच रस्ता. न फायनल केलेली डिस्क ज्या यंत्रानं भरली तेच यंत्र तिला ओळखतं. माझा रेकॉर्डर मी जळगाव जामोदच्या उकंडराव नावाच्या केबलवाल्याला विकला होता. मेहकर, खामगाव करत, गाड्या बदलत तिथं गेलो. सातपुड्याच्या पायथ्याशी त्यांचं घर सापडलं, म्हातारे ओसरीवर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसलेले. केबलचा धंदा केव्हाच बंद झालेला. मी यंत्राचं नाव काढलं तसे हसले. म्हणाले, ‘हाय ना. चांगलं हाय. पण ते माह्या हातात नाही, मनकर्णाबाईच्या खात्यात गेलं.’ आत जाऊन पाहतो तर स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात माझा रेकॉर्डर, वर विणलेला रुमाल, त्यावर लोणच्याची ही एवढी बरणी. त्यांच्या घरच्या, मनकर्णाबाई, कमरेवर हात ठेवून उभ्या. ‘यंत्र नेसान हो, पण बरणी कुठं ठेवू? यायच्या डोक्यावर? जमिनीवर ठेवली तर ओल लागते.’ उकंडराव बाहेरून म्हणाले, ‘ठेव ठेव, माह्या डोक्यावर तसंही काही उरलं नाही.’ मी पैसे विचारले तर बाई रागावल्या. मग मी खिशातून टेप काढला, यंत्राची लांबी, रुंदी, उंची मोजली आणि म्हटलं, याच मापाची घडवंची करून पाठवतो, बरणीला फरक कळणार नाही. तोवर बरणी दोन विटांवर ठेवली. घडवंची पोचली. बाईंचा फोन आला होता, ‘यंत्रापेक्षा मजबूत हाय.’ पत्राच्या सुरुवातीला मी त्यांचं नाव का घातलं ते आता तुला कळलं असेल.

यंत्राचा डिस्क घ्यायचा ट्रे उघडत नव्हता. आत रबराचा बारीक पट्टा असतो, तो वितळून चिकटला होता. जुन्या टेपरेकॉर्डरचा पट्टा बसवला. भिंग कापसानं पुसलं. मसाल्याचा वास मात्र अजून जात नाही. मग तुझी डिस्क लावली. यंत्र बराच वेळ घुरघुरलं आणि पडद्यावर तुमचं अंगण आलं. मी आधी फायनल करायच्या भानगडीत पडलो नाही, कारण त्यात बिघडलं असतं तर सगळंच गेलं असतं. वायर लावली आणि डिस्क चालू असतानाच जसं येईल तसं कॉम्प्युटरवर उतरवून घेतलं. हे नीट केलं याचा मला अभिमान आहे, तुझ्यापाशी तो लपवत नाही.

तर ऐक. आत्यानं तुझ्या कानात नाव सांगितलं, बायांनी तिच्या पाठीत धपाटे घातले, ती ‘मेले वो माय’ म्हणून ओरडली. मग गोविंदा. ‘नाव ठेवते आत्या, पण पुकारतो मी,’ असं त्यानं आधीच बजावून ठेवलेलं. माइक घेतला, ऐटीत उभा राहिला. ‘तर मंडळी, आज आमच्या घरी, आमच्या लेकीचं नाव ठेवलं हाय...’ आणि थांबला. सगळ्या तालुक्याची नावं पुकारलेला माणूस, तोंड उघडं आणि आवाज नाही. कर्ण्यातून नुसती घरघर. मागून माझा आवाज येतो, ‘बोल ना बे, मशीन चालू हाय!’ त्याचा गळा हलतो, पण नाव येत नाही. शेवटी त्यानं माइक तुझ्या आईकडं दिला आणि तिनं सांगितलं, ‘समीक्षा.’ नाव तिच्या आवाजात आहे. त्यानं डोळ्यांवरून उपरणं फिरवलं आणि कॅमेऱ्याकडं पाठ केली.

मी हात टेकले, समीक्षा. एवढं करून नाव नव्हतंच. पण उतरवणं अर्ध्यात थांबवायचं नाही हा माझा नियम, म्हणून चालू ठेवलं आणि चहा टाकायला उठलो. पातेलं हातात होतं तेव्हा मागून आवाज आला. ‘समीक्षाले, मामाकडून, चांदीचे वाळे.’ मी पातेलं खाली ठेवून वळलो. आहेर सुरू झाला होता. बारशात आहेर मुलीला येतो, मग दर वेळी नाव कोणाचं घेणार? पहिल्या खेपेला आवाज फाटका आहे, ‘स’वर अडकलेला. ‘समीक्षाले, सोजराआजीकडून, टोपडं-कुंची.’ जरा बरा. ‘समीक्षाले, बीबीच्या भाजीवाल्यांकडून, पाळणा! आला हाय बरं का पाळणा, दिसून राह्यला!’ लोक हसतात. एकेका आहेराला आवाज मोकळा होत जातो. शेवटी शेवटी तो बाजारातला गोविंदा आहे, शिवारभर ऐकू जाईल असा, आणि त्याला नाव घेण्याचा असा काही नाद लागलाय की एका फ्रॉकसाठी तो दोनदा घेतो. वहिनी त्या दिवशी मला म्हणाल्या होत्या, ‘भाऊजी, हा आहेर तेवढा काढून टाका, खण-टोपडे कोण पाहते?’

आणि सगळ्यात शेवटी त्याच्या सवयीप्रमाणं माझं नाव येतं. यंत्र नवीन, मी ऐटीत, आणि तो तुला उचलून माझ्या दिशेनं धरतो. तेवढ्यापुरता माझा हात भिंगासमोर येतो, तुला टाटा करताना. ‘आन् हे टिपून ठेवून राह्यले आपले भागवतराव. यायचं नाव ध्यानात ठेवजो, समीक्षा. ध्यानात ठेवजो, माय.’ त्यानंतर लाइट गेली. मला आठवतं तसं, तिथून पुढं तो तुला माय म्हणायला लागला तो कायमचा. सगळी समीक्षा त्यानं त्या एका दुपारी घेऊन टाकली होती.

पेनड्राइव्हमध्ये दोन फाइली आहेत. पहिली सबंध बारसं, मी त्यात कात्री लावलेली नाही, फक्त कर्ण्याची घरघर कमी केली. तो बोलता बोलता थांबला ती जागाही जशीच्या तशी आहे. कापायला बोट बटणावर गेलं होतं, मग वाटलं, त्यानं तुझं नाव पहिल्यांदा घेतलं ते याच जागी, आवाज नसला म्हणून काय झालं. दुसरी फाइल नुसता आहेर, मंडपात लावायला. व्हॉट्सअॅपवर पाठवली नाही, तिथं व्हिडिओ दाबून पाठवतात आणि आवाजाची धार जाते. लग्नात कर्णा मी लावणार आहे, ते काम दुसऱ्या कोणाला सांगू नकोस. तू नाव मागितलं नसतंस तर ही डिस्क साडीच्या घडीत तशीच राहिली असती आणि त्यातलं माझंही नाव. म्हणून तुझे आभार मानायचे आहेत.

पण एवढ्यासाठी पत्राची गरज नव्हती, पेनड्राइव्ह वहिनींच्या हाती दिला असता. पत्र लिहायला बसलो ते वेगळ्याच कारणासाठी. डिस्क माझ्या आहेत, आवाज माझा नाही. तो तुझा आणि तुझ्या आईचा. कुलदीपला मी नाही म्हटलं ते तुम्हाला न विचारता, आणि माझ्यापुरतं विचारशील तर पुन्हाही नाहीच म्हणेन. पण लग्नघर आहे, खर्च आहे, वहिनी एकट्या आहेत, हे मला दिसतं. कोणी काय देऊ केलं हे गोविंदानं जन्मात कधी लपवलं नाही, मी तरी कसं लपवू? कुलदीपचा फोन नंबर डबीच्या तळाच्या कापडाखाली ठेवला आहे. तुम्हा दोघींना वेगळं वाटलं तर मला सांगा, मी रागावणार नाही, डिस्क स्वतः साफ करून त्याला देईन. तोवर गोविंदाच्याच पद्धतीनं पुकारतो, माझ्या आवाजात जमेल तसं: समीक्षाले, संभाजीनगरच्या कुलदीपरावांकडून, तिच्या बापाच्या आवाजासाठी, एक लाख ऐंशी हजार रुपये, येऊन राह्यले होते. घेतले नाहीत.

तुझाच,
टिपून ठेवणारा भागवतकाका